चारशे टक्के

मालेगाव स्टँडच्या उतारावर माझं दुकान.
खाली रामकुंड, म्हणून धंदा बारमाही.
दहाव्याला फोटो लागतोच
आणि निम्म्या माणसांचा, गेल्यावर कळतं,
एकट्याचा असा फोटोच नसतो.
मग लग्नाच्या घोळक्यातून, ट्रॅक्टरच्या पूजेतून,
कुणाच्या तरी बारशाच्या कडेवरून
मी एकेकाला कापून वेगळं काढतो,
मागे निळं आभाळ टाकतो,
इतकं निळं नाशकात मी तरी पाहिलेलं नाही.

कैलास गांगुर्डे मोबाइल घेऊन आला.
आई. मोहाडीच्या बागेत, द्राक्षाच्या मांडवाखाली,
डोक्याला रुमाल, उन्हानं डोळे बारीक.
डाव्या खांद्यावर एक हात.
हाताची मालकीण चौकटीबाहेर राहिलेली.
‘हा हात काढा,’ म्हणाला.
‘रंग थोडा उजळा. आणि रुमालाचा
पदर नाही का करता येणार?’
येतो. सगळं करता येतं.
साडेसहाला या.

चारशे टक्के मोठं केलं की माणूस उरत नाही,
चौकोन उरतात, गव्हाळ, तपकिरी, राखी.
साडीच्या धड जागेवरून ठिपके उचलायचे
आणि हातावर पेरत जायचं,
करंगळीपासून.
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता,
मणी विरळायच्या कात्रीचा.
मधलं बोट पेरात वाकडं.
मनगटावर गोंदलेला विंचू, नांगी पुसट.
दीड तास त्या हाताशी होतो.
एवढा वेळ मी बायकोचाही हात
हातात घेऊन बसलेलो नाही.

हात गेला.
खांदा मात्र तसाच, किंचित दबलेला,
मान जराशी तिकडे.
ओझं कुठल्या टूलनं पुसायचं?
खांदा ओढून वर केला
तर बाई दचकल्यासारखी दिसायला लागली.
कंट्रोल झेड. राहू दे.
कैलासला काही दिसलं नाही.
‘एकदम आईच,’ म्हणाला,
फ्रेमसकट साडेसातशे दिले.

महिनाभरानं एक मावशी.
पासपोर्ट साइज, आठ कॉप्या,
कसल्याशा पेन्शनच्या फॉर्मला.
‘लवकर करा, साडेपाचची हरसूलची गाडी आहे.’
पाकिटावर नाव लिहिलं : शेवंता भोये.
कमरेच्या पिशवीतून नोटा काढून
तिनं काउंटरवर ठेवल्या
आणि वाऱ्यानं उडतील म्हणून
वर हात दाबून धरला.

चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता.
विंचवाची नांगी कुठे पुसट होते
ते मात्र डोळे मिटून सांगितलं असतं.

‘सरळ बसा, मावशी.’
बसली.
‘उजवा खांदा वर घ्या.’
घेतला. पुन्हा खाली आला.
तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा
तिनं उजवीकडे वळून पाहिलं.
तिथं छत्रीचा स्टँड होता आणि भिंत.
मग मी तशीच क्लिक केली.
फॉर्म परत आला तर येवो, फुकट काढून देईन.

आता प्रिंटर कुरकुरतोय.
ती दारातून घड्याळ बघतेय.
मी कधी मूळ खोडत नाही, वरच्या लेयरवर रंगवतो,
ही माझ्या वडिलांची शिकवण,
ते निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे.
फाइल उघडली.
लेयरशेजारच्या छोट्या डोळ्यावर टिचकी मारली,
डोळा मिटला
आणि हात आपल्या जागी आला,
घट्ट्यासकट.

पाच वाजून सात मिनिटं.
मॉनिटर तिच्याकडे फिरवायला
नुसतं मनगट हलवावं लागतं.