पोच

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, गेल्या नाताळचा,
झाकणावर घोडागाडी आणि बर्फ.
बॅटरी आडवी मावेना म्हणून उभी बसवली,
खाली योगा मॅटचा तुकडा.
फ्यूज पाच अँपियरचा.
लाल लालला, काळी काळीला,
हे मी दर वेळी मोठ्याने म्हणते,
कारण एकदा उलटं जोडलं
तर जळक्या रेझिस्टरचा वास
दोन दिवस फोडणीला पुरून उरला.

मोडेम ॲल्विन ग्रीनहॉलचा.
एकोणनव्वद साली त्याने स्वतः डाग दिलेले,
एकेक सांधा अजून चकचकीत, साबुदाण्याएवढा.
"आवाज आता कळत नाहीत मला," म्हणाला,
"माणसांचे तर नाहीतच. अक्षरं दिसतात. ने हे."
आणि कानांतली दोन्ही यंत्रं काढून
टेबलावर ठेवली,
गप्पा संपल्या अशा अर्थाने.

टॉडमॉर्डनची दरी अशी चिंचोळी
की डोंगराला विचारल्याशिवाय
सिग्नल उंबरा ओलांडत नाही.
काल्डर नदी हमरस्त्यावर आली त्या रात्री
फोन नुसते कंदिलाच्या कामाचे.
मी औषधांच्या दुकानात, इन्सुलिनच्या फ्रीजपाशी,
आणि कुणाला काय हवं ते सांगायला
माणसं गुडघाभर पाण्यातून येत होती,
चिठ्ठ्या टोपीत घालून.
मार्चमध्ये परीक्षा दिली. कॉल साइन मिळाली,
एम सेव्हनने सुरू होणारी.
ना माहेरची, ना सासरची.

पॅकेट म्हणजे आमच्या आत्याचं कार्ड.
वर कोणाला, कोणाकडून,
वाटेत कुणाच्या हातून,
मग मोजका मजकूर,
आणि शेवटी एक बेरीज.
पलीकडच्याने ती करून पाहायची, जुळली तर पोच.
नाही जुळली तर गप्प राहायचं,
मग अलीकडचा आपण होऊन पुन्हा पाठवतो.
आत्या कडेला आडवं लिहायची: पोच देणे.
फक्त ळ जात नाही या डब्यातून.
काना, मात्रा, काहीच नाही.
माझी भाषा परक्या लिपीचा रेनकोट घालून निघते.

रविवारी स्टूडली पाइकच्या चढावर,
मेंढ्यांच्या दगडी भिंतीच्या आडोशाला,
मासेमारीची काठी फाटकाच्या खांबाला बांधली.
तिच्या टोकाहून रिबन तारेचा अँटेना,
वाऱ्यात पतंगाच्या शेपटीसारखा.
बटण दाबलं. डबा खरखरला,
कोणी घाईत कापड फाडावं तसा.
उत्तर नाही.
पुन्हा खरखरला. पुन्हा.
दहा वेळा आपणच विचारतो, मग हात टेकतो.
कुत्रं घेऊन जाणाऱ्या बाईने विचारलं,
"पक्षी मोजताय?"
हो म्हटलं. सोपं पडतं.

वायर हलवली, काठी फिरवली,
ॲल्विनला मनात दोन शब्द ऐकवले.
थर्मासमधला चहा निवला तेव्हा कुठे सुचलं:
रेडिओला तोंड उघडायला वेळ लागतो,
मी त्याच्याआधीच बोलत होते.
सुरुवातच गिळली जायची,
म्हणजे नेमका पत्ता.
तीस होतं ते पन्नास केलं.
अर्धा सेकंद.
बोलण्याआधी इतकं थांबणं
आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही.

यंत्राची पोच लगेच आली.
दिवा लुकलुकला, बेरीज जुळली, संपलं.
माणसाची यायला चार मिनिटं लागली.
खाली कॉर्नहोममध्ये तो एका बोटाने टाइप करत असणार,
ओठ हलवत.
पडद्यावर चार रोमन अक्षरं उमटली: पी, ओ, सी, एच.
हा शब्द मी त्याला एकदाच सांगितला होता,
औषधाच्या पिशवीवर लिहून.
त्याखाली लगेच, किती व्होल्ट?

बारा पॉइंट चार, मी कळवलं.
यंत्राने पोच दिली.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
चष्मा शोधत असेल.