शेरा

आचारसंहिता लागली की
परवान्याची सगळी हत्यारं पवनी ठाण्यात जमा होतात.
बारा बोरच्या बंदुका लोक ओढत आणतात
बाजेच्या पायासारख्या.
एकाने धानाच्या पोत्यात घालून आणली,
नळीतून मूठभर कोंडा निघाला.

मी हेड मोहरर.
नाव, वल्दियत, नंबर, आणि शेवटच्या रकान्यात शेरा :
'जुने, वापरते.'
सगळ्यांना तोच.

आसगावचे आत्माराम गिऱ्हेपुंजे
सायकलच्या हँडलला पत्र्याचा डबा अडकवून आले.
मला वाटलं, जेवण असेल.
आत धोतराच्या मऊ घडीत रिव्हॉल्व्हर.
शेरा वाचला आणि माझं पेन धरलं त्यांनी.
"वापरतं नाही सायेब. मूळ स्थितीत, असं लिवा."

मूळ म्हणजे काय, हे बावीस वर्षांच्या नोकरीत
मला कोणी सांगितलं नव्हतं.
त्यांनी खिशातून भिंग काढलं
(पूर्वी बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे)
आणि दाखवलं :
सांगाड्यावरचा नंबर, चक्रावरचा, नळीखालचा,
तिन्ही एकच. "एका पोटचे हायेत."
स्क्रूच्या खाचा बघा, एकाचाही ओठ फाटलेला नाही,
म्हणजे शंभर वर्षांत
अडाणी हात आत गेलेला नाही.
निळा रंग लावलेला नाही, भट्टीत चढलेला,
पहाटे तोडलेल्या वांग्यावरचं दव पुसावं
तेव्हा दिसतो तो.
ट्रिगर धानाच्या काडीसारखा पिवळा.
मुठीवरची जाळी अंगठ्यावर उमटते अजून.

"नागपूरचा एक जन म्हने, निकेल करून देतो, चमकन.
मी म्हटलं, म्हातारीले पावडर लावून
कोनत्या लगनात नेतेस गा?"

चामड्याच्या म्यानात ठेवायची नाही, चामडं ओल धरतं.
उघड्या हाताने तर नाहीच.
"बोटाले मीठ रायते."
गोळ्या?
कधी विकतच घेतल्या नाहीत.

एकदा मी विचारलं, हिने कोणाला मारलं असेल का?
चक्राभोवतीची रेघ दाखवली त्यांनी,
फिरून फिरून पडलेली, केसाएवढी.
"थोडी चालली हाय.
कोनावर, थे नंबर सांगत नाही."
मग बराच वेळ फडक्याची घडी घालत बसले.

त्याच कपाटात, खालच्या फळीवर
पाण्याच्या पाइपाचा एक कट्टा आहे. गुन्हा नंबर एक्केचाळीस.
वेल्डिंगचे थेंब तसेच, लाखेचं सील,
चिठ्ठीवर एका पोराचं नाव, वय एकोणीस.
तोही मूळ स्थितीतच ठेवायचा असतो, कोर्टासाठी.
तेल लावायचं नाही. पुसायचं तर अजिबात नाही.
कुलूप लावताना हल्ली
माझा हात दोन फळ्यांच्या मध्ये कुठेतरी थांबतो.

गेल्या निवडणुकीत नव्या शिपायाने
चिठ्ठी दोऱ्याऐवजी तारेने बांधली.
घट्ट बांध, म्हणून मीच ओरडलो होतो.

निकालानंतर गिऱ्हेपुंजे आले, आता बसने.
दात ब्रह्मपुरीचे, डोळ्यातलं भिंग भंडाऱ्याचं,
गुडघा नागपूरचा.
"माहे नंबर आता जुळत नाहीत," म्हणून हसले,
आणि डबा उघडला.

नळीच्या कडेला पांढरा ओरखडा.
तांदळाएवढा.

बाहेर कोणीतरी विजयाचे उरलेले फटाके फोडत होतं.
मला वाटलं, भांडतील, साहेबांकडे जातील.
त्यांनी तेलाचं फडकं त्या जागेवरून फिरवलं,
एकदाच.
"आता हे बी तिचंच."

परतीच्या पावतीवर मी शेरा लिहायला घेतला.
'मूळ' इथवर आलो आणि पेन अडलं.
ते वाट पाहत राहिले. चष्मा पुसला.
मग पेन माझ्या हातून काढून घेत
घड्याळजीच्या बारीक अक्षरात स्वतःच लिहिलं :
'मूळ स्थितीत. ओरखडा एक, ठाण्याचा.'

मी खाली सही केली.
शिक्का जरा हळूच मारला.