एका थाळीचा खुलासा

आक्षेप क्रमांक नऊ मीच लिहिला.
फिरती अन्नसेवा, गाडी क्रमांक तीन,
थांबा जनता वसाहत, कालव्याच्या कडेला.
सोळा जानेवारी. वाटलेल्या थाळ्या दोनशे बारा,
अंगठे दोनशे अकरा.
खाली आमचं नेहमीचं वाक्य:
एका थाळीचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.

थाळी म्हणजे अडतीस रुपये वीस पैसे.
भात, आमटी, दोन चपात्या,
आणि निविदेत जिला हंगामी भाजी म्हटलंय ती,
बारा महिने दुधी.
पण बेरीज चुकली की मला घास जात नाही.
बावीस वर्षं लेखा विभागात काढलीत.

सात दिवस गेले, खुलासा आला नाही.
गुरुवारी मीच गेलो.

गाडी वर चढत नाही.
पर्वतीच्या उतारावर घरं अशी,
की एकाचा पत्रा दुसऱ्याच्या उंबऱ्याला लागतो,
बोळ एवढा, की समोरून कुणी आलं
तर एकाने भिंतीला पाठ लावायची.
म्हणून हनमंत वैराट खालूनच हॉर्न देतो,
दोन लांब, एक आखूड,
आणि वरून पायऱ्या वाजायला लागतात.

कागद वेचणाऱ्या बाया, हातमोजे कमरेला खोचलेले.
रंगारी, पापण्यांवर चुना.
मागे मेहजबीन, वय आठ, हातात झाकणाचा डबा.
नियम आठ: डबा देऊ नये,
लाभार्थ्याने स्वतः हजर राहावे.
तिचा नाना चौऱ्याण्णव पायऱ्या वर,
एका पायाने हजर कसा राहणार?
यल्लव्वाने पोरीच्या हातात थाळी दिली
आणि तोंड फिरवलं कालव्याकडे.
मागे डब्याचं झाकण वाजलं.
"नियम मोडत नाही, साहेब," ती म्हणाली,
"पाणी किती आलंय बघते."

सापडली, मला वाटलं, दोनशे बारावी.
नोंदवही उघडली.
पोरीचा अंगठा होता, सोळा तारखेचाही,
बोराएवढा, स्वच्छ उमटलेला.

"मग ती एक कुणाची?"

यल्लव्वाने पळी पातेल्याच्या काठावर झटकली.
"तुमची."

"तपासणीला आला होता की. दोन वाजून गेलेले.
तुमचं तोंड बघवंना.
त्या दगडावर बसून जेवलात.
आमटी परत मागितली.
साहेबाचा अंगठा कसा मागायचा,
म्हणून राहिला."

आठवलं.
आमटीत आमसूल होतं. गरम होती.
दगडावर माझ्या शेजारी कुणीतरी सरकून जागा केली होती,
मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पैसे भरायला गेलो.
रोखपाल सुर्वेबाईंनी विचारलं, लेखाशीर्ष कोणतं?
जेवल्याचं लेखाशीर्ष नसतं.
त्या हसल्या नाहीत, उपकार.

त्याच दुपारी अंदाजपत्रकाचा मसुदा टेबलावर आला.
फिरती अन्नसेवा, पुढील वर्ष:
टोकन तरतूद, एक हजार रुपये.
शेरा: लेखा आक्षेप प्रलंबित.

मी भागाकार केला, सवयीने.
सव्वीस थाळ्या. उरतात सहा रुपये ऐंशी पैसे,
त्यात पळीभर आमटी, फार तर.

मग पुन्हा गाडीवर गेलो, रजा टाकून.
वही मागितली. सोळा जानेवारीचं पान.
यल्लव्वा म्हणाली, सही करा की, येते ना तुम्हाला.
रकाना अंगठ्याचा होता.
हनमंतने शाईचा डबा पुढे केला.

मधुसूदन टिळेकर, वय चौपन्न,
राहणार सहकारनगर,
म्हणजे इथून चालत पंधरा मिनिटं.
पत्त्याच्या रकान्यात मावलं नाही,
शेवटची ओळ समासात लिहिली.

आक्षेप मागे घेतल्याची टिपणी वर पाठवली आहे.
साहेब बैठकीत आहेत.
शिपाई म्हणतो, फाईल कदाचित उद्या उघडेल,
कदाचित एप्रिलात.
शाई नखाच्या कडेला अजून आहे.
बायकोने विचारलं, मतदान होतं का आज?