आगाऊ सूचना

दर अकराव्या महिन्याला
सोनटक्के ठेकेदार ब्रेक द्यायचा.
सूचना कसली,
गेटवर अंगठा लागायचा नाही, बस्स.

आज मीच गेलो नाही.

कंपनीच्या बसनं रांजणगाव फाट्यावर
दोनदा हॉर्न दिला असंल.

सोनटक्केचा फोन:
करारात महिना लिहिलाय, सही तुझीच आहे.
म्हटलं, सतरा दिवसांचा पगार ठेवून घे.
थोडा वेळ तोही गप्प.

लॉकरात बूट राहिले, आठ नंबरचे.

प्रेसवर आता कदीर उभा असंल,
नवा आहे.
तिसरी डाय चहाच्या सुट्टीनंतर
डाव्या अंगाला सरकते,
हे कोणत्याच कागदावर नाही.

पावणेदहाला मीच फोन लावला:
कदीर, उजवीकडून हात घाल.
बोटं सांभाळ.