बारा मिनिटं

आडनाव झोपे,
आणि चैत्रातल्या काळ्या रात्री गच्चीवर टक्क जागा.
हंबर्डीत हा विनोद आता कोणी करतही नाही.

सहा इंची आरसा, पीव्हीसीची नळी, आतून काळा रंग.
ताऱ्यांमागे फिरवणारी मोटार जुन्या प्रिंटरची,
बॅटरी इन्व्हर्टरमधून बाद झालेली.
कॅमेरा सावद्याच्या भारंबे फोटोवाल्याचा,
नऊ लग्नसराया करून दमलेला,
पट्ट्यावर अजून हळद.
पहिल्या रात्री कार्ड उघडलं तर आत एक नवरी,
पाटावर बसून कुणाकडे तरी बघत हसणारी.
ती पुसायला मला महिना लागला.

दक्षिणेकडे काही मिळत नाही.
तिकडे दीपनगर, चिमण्यांवर लाल दिवे,
आभाळाला पातळ ताकाचा रंग.
तक्रार कुठल्या तोंडाने करू?
तीच वीज मी घरोघरी पोचवतो, बावीस वर्षं.
गावातले अठ्ठावन्न एलईडीही
मीच लावले, खांबाखांबावर चढून,
आणि खाली टाळ्या वाजल्या तेव्हा हसलोही.

उत्तरेला मात्र सातपुडा.
तिथे मरीचीच्या शेजारी, दोन बोटं सोडून,
दोन दीर्घिका आहेत.
थोरलीने धाकटीचा हात धरलाय म्हणतात.
तीन रात्री, चौऱ्याऐंशी फोटो, प्रत्येकी तीन मिनिटं,
एकावर एक रचले.
भोवरे दिसले. हात दिसेना.

हेमलता म्हणाली, एकच फोटो चौऱ्याऐंशी वेळा?
म्हटलं, तू बिबडे नाही का घालत, सगळे सारखेच?
ती म्हणाली, बिबडे खाता येतात.

चौथ्या रात्री, एक अठ्ठेचाळीसला,
नाल्याकडून आवाज आला. फट्.
मग पंखे थांबल्याची ती शांतता,
जी फक्त वायरमनला ऐकू येते.
डीपीवर वटवाघूळ. केळीवर येतात, तारेत सापडतात.
फ्यूज गेला. दहा मिनिटांचं काम,
माझं.

हातमोजे घेतले. जिन्यापर्यंत गेलो.
आणि गच्चीच्या कठड्याला हात लागत नव्हता इतका
अंधार होता.
लहानपणी धाब्यावर झोपायचो तेव्हाचा,
मला वाटलं होतं तो संपला.
अरुंधती वसिष्ठाला सोडून वेगळी उभी होती,
चष्म्याशिवाय.

शटर बंद झालं.
मी पुन्हा उघडलं.

पहिली तीन मिनिटं: कोणी फोन केला नाही.
दुसरी: कुत्री.
तिसरी: गच्च्यांवर खाटा सरकवल्याचे आवाज,
कोणीतरी वर न पाहताच कंपनीच्या नावाने शिवी दिली.
चौथ्या फोटोच्या मध्यात फोन थरथरला.
यादव फिरके. "झोपेभो, लाईट गेली नं!
पोरगं बारा दिवसाचं हाये, गरमीनं रडी रडी निळं पडी राह्यलं."
फोनमधून ऐकू येत होतं.
म्हणालो, निघालोच.
आणि शटर मिटेपर्यंत थांबलो.
एकशे दहा सेकंद. मी मोजले.

एबी ओढला, वटवाघूळ काठीने काढलं,
अजून ऊब होती त्याला.
फ्यूज बांधला. एबी चढवला.
अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पेटले,
एकही बिघडलेला नाही. चांगलं काम केलं होतं.

फोटोत आता हात दिसतो.
केसाएवढा, धाकटीच्या खांद्यापर्यंत गेलेला,
अडीच कोटी वर्षं वाट तुडवून आलेला उजेड.
ते चार फोटो काढून टाकून पाहिलं एकदा.
हात जातो.
परत घातले.

फिरक्यांचं पोर छान आहे. बारशाला गेलो होतो,
पेढा हातात धरून बसलो, खाल्ला नाही.

ऑफिसच्या रजिस्टरात लिहिलंय:
बिघाड, दोन वाजता.
माझ्या वहीत लिहिलंय: एक अठ्ठेचाळीस,
आकाश उत्तम.