दुसरी बॅट

नियम एका ओळीचा आहे:
सामना सुरू झाल्यावर बॅट बदलायची नाही.
फुटली, चुकून फुटली, खेळण्याजोगी उरली नाही,
तरच.

सोल्नोकमधल्या शाळेची व्यायामशाळा, नोव्हेंबर.
तिसा नदीवरचं धुकं दाराच्या फटीतून येऊन
थेट दोन नंबरच्या टेबलाखाली बसलेलं.
मी पंचाच्या खुर्चीवर. गळ्यात चष्म्याची दोरी,
खिशात खसखशीच्या रोलचा उरलेला तुकडा.

एका बाजूला विल्मोश, सदुसष्ट, निवृत्त पोस्टमन.
त्याच्या बॅटच्या काळ्या अंगाला लांब लांब दाणे.
चेंडू तिथं जातो एक आणि परत येतो दुसराच,
पत्ता खोडून माघारी धाडलेल्या पाकिटासारखा.
दुसऱ्या बाजूला बेन्देगूझ, तेरा वर्षांचा,
कान लाल, दोन गेमने मागे.

तो खुर्चीपाशी आला.
"पिशवीत दुसरी आहे. तिचं रबर संथ आहे. ती घेऊ?"
मी म्हटलं, नाही.
"का?"

का, ते पुस्तकात लिहिलेलं नाही.
आचारी पळी बदलतो. सुतार रंधा बदलतो.
दातांचा डॉक्टर तर माझ्या एका दाढेसाठी
सात हत्यारं बदलतो, माझ्याच डोळ्यांसमोर,
आणि मी आ वासून परवानगी देते.

शिवाय मी कोण सांगणारी?
संध्याकाळी साडेसहाला मी नाटकघराच्या विंगेत असते,
दातांत टाचण्या, मनगटावर सुयांची उशी.
अंधारात, अकरा सेकंदांत,
सरदाराचा झगा उतरवून त्याला फेरीवाला करते.
लोक टाळ्या वाजवतात. कुणी म्हणत नाही
की आलास त्याच कपड्यांत मर.

इथे मात्र म्हणतात. इथे मीच म्हणते.
जी आणलीस ती. सकाळी निवडलीस ती.
विल्मोशने हातात घेऊन, अंगठा फिरवून
जिची ओळख करून घेतली ती.
भांडण ज्याच्याशी ठरलं त्याच्याशीच व्हावं,
एवढंच असेल कदाचित. मला पटतं.
खुर्चीवरून उतरले की जरा कमी पटतं.

पोराने टेबलाच्या कडेकडे पाहिलं.
मी त्याला पाहताना पाहिलं.
एक फटका, लाकडावर लाकूड, आणि मग "चुकून लागली, मॅडम."
जाळीची उंची मोजायची पट्टी माझ्याकडे आहे.
चुकून मोजायची नाही.

"घेऊ दे की त्याला," विल्मोश पलीकडून म्हणाला,
"माझी हरकत नाही."
हरकत नसणं हेही तुमच्या हातात नाही,
असं मी बोलले नाही. नुसती मान हलवली.
भिंतीपाशी कुणाचा तरी बाप खुसखुसला,
नाचता येईना, अंगण वाकडं.
अंगण वाकडंच होतं.
टेबलाच्या एका पायाखाली सकाळी मीच पुठ्ठा सारला होता.

मग बेन्देगूझने तळवा चड्डीला पुसला
आणि बोटांतल्या बोटांत बॅट उलटी केली.
लाल मागे, काळी पुढे.
तेवढं चालतं. कितीदाही चालतं.

दोन्ही अंगांना एकच रबर, एकाच दुकानातलं,
एकाच दुपारी चिकटवलेलं, फरक फक्त रंगाचा.
त्याला माहीत होतं. मला माहीत होतं.
विल्मोशने तर अंगठ्याने तपासलं होतं.
तरीही सलग चार गुण.

नंतर हरला. अकरा-नऊ.
हात मिळवल्यावर विल्मोशने त्याची बॅट मागून घेतली,
पुन्हा अंगठा फिरवला, आधी लाल, मग काळी,
काहीतरी वाचायचं राहून गेल्यासारखा.
पिशवीतल्या दुसरीची चेन कुणी उघडली नाही.

रात्री सरदार धावत विंगेत आला, हात पसरून.
मी झगा ओढला, आणि घाईत, का कोण जाणे,
फेरीवाल्याचा कोट त्याच्या अंगावर
उलटा चढवला. अस्तर बाहेर, शिवणी उघड्या.
तो तसाच प्रकाशात गेला.

मी टाचण्या दातांत धरून उभी.
बाहेर कुणी हसलं नाही.