चार फूट आठ इंच

गॅरेजचं दार चार फूट आठ इंच.
तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा टेप जरा सैल धरून,
म्हणजे दारालाही एक संधी.
सासऱ्यांनी ते बांधलं साइडकारवाल्या मोटरसायकलसाठी.
त्याहून रुंद काही
एरंडवण्यात कुणाला लागेल
असं त्यांना वाटलं नव्हतं.

क्लबनं भाड्याच्या बोटी काढून टाकल्या.
ज्याची त्यानं घ्या, ज्याची त्यानं घरी ठेवा.

लेझर: रुंदी चार फूट पावणेसात.
जाते. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच,
कोयंडा कापला तर.
एंटरप्राइज: पाच फूट तीन.
जात नाही, आणि हे कळायला टेप लागत नाही.

पण लेझरमध्ये जागा एकाच माणसाची.
शीड तुझं, सुकाणू तुझं, चूकही तुझीच.
एंटरप्राइजला दोघी लागतात.
बावीस वर्षं त्या दुसऱ्या जागेवर शालन होती, माझी नणंद,
तळाशी पाझरणाऱ्या बोटीत,
जिबची दोरी मुठीत,
आणि तोंडाचा पट्टा पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या बोयापर्यंत.
"वारा वळला, वहिनी. वहिनी, वळला म्हणतेय ना!"
खडकवासल्याला वारा सिंहगडाच्या आडून येतो,
फोन न करता आलेल्या पाहुण्यासारखा.
तो आधी तिच्या मानेला कळायचा,
मग शिडाला, मग मला.

मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
डॉक्टर म्हणाले, चाला.
बोटीचं त्यांना कुणी विचारलं नाही,
त्यांनीही विषय काढला नाही.
फोनवर ती म्हणाली, "लेझर घे तू. दारच सांगतंय."
बघते, म्हणाले मी.
दाराला जे सांगायचंय ते त्यानं मला सांगावं,
तुझ्यामार्फत कशाला?

आत भिंतीवर, छातीइतक्या उंचीला, एक तपकिरी रेघ आहे
पानशेतच्या वर्षाची.
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.
पाण्यानं आत शिरताना
दाराची रुंदी विचारली नव्हती.
आणि जाताना साइडकार घेऊन गेलं.
"कुशीवर वळून गेली हो बाहेर," सासूबाई सांगायच्या,
दर वेळी त्याच शब्दांत.
चाळीस वर्षं ते कानात होतं.
डोक्यात परवा शिरलं, भाजी निवडताना.

कुशीवर.

मांडववाल्या कल्लाप्पाकडून बांबू आणले,
सुतळीनं बांधला सांगाडा,
सव्वातेरा फूट लांब, पोटात पाच फूट तीन.
पलीकडचे रिसबूड कुंपणाशी आले.
"कार्य आहे का काही?"
बोट आहे.
"पाणी?"
खडकवासल्यात.
"मग तिकडंच ठेवा की."
आणि गेले, पण खिडकीपर्यंतच.

शालन रिक्षातून उतरली, हातात काठी.
"मी नुसती बघायला आलेय."
मी सांगाडा कुशीवर केला. पुढचं टोक माझ्याकडे.
मागचं फरशीवर खरडत होतं, ते खरडणं
तिला किती वेळ सहन होणार होतं?
काठी भिंतीला टेकली.
"डावीकडे. वहिनी, डावीकडे म्हणतेय ना!"
बांबू चौकटीला घासला, जुन्या रंगाचा एक पापुद्रा पडला,
आणि आम्ही आत होतो,
तिघी म्हणायला हरकत नाही.

खरी एंटरप्राइज नव्वद किलोंच्या वर भरते.
ते दोघींनाही पाठ आहे.
कुणी बोललं नाही.
सांगाडा खाली आडवा ठेवला.
गुडघा सांभाळत ती सुतळी ओलांडून आत गेली,
आपल्या जागी, पुढे,
जरा वेळ उभी राहिली.
मग विचारलं,
शिडं अजून निळीच येतात का?